गोफण कुणाची

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा उन्हाळा. गावं लुटणारी टोळी शेजारच्या बेंबळीकडं आलीय, असं कळलं तेव्हा वाडीतल्या शिवलिंगनं गोफणी गोळा केल्या आणि तो वेशीवर पहारा बसवायला निघाला. त्याला अडवलं ते त्याच्या वडिलांनीच. शांतलिंगाप्पांचा शब्द गावात कुणी मोडत नसे.

"ठाण्याच्या अमीनसाहेबांनी मला जबान दिलीया, शिपाई येतेत. आपुन हत्यार धरलं तर आपुनच गुन्हेगार ठरू."

गावानं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी टोळी आली. शिपाई आलेच नव्हते. शांतलिंगाप्पांसकट सगळे गडी दारं लावून बसले. शिवलिंग एकटाच गोफण घेऊन वेशीवर गेला. त्यानं टोळी रोखली तेवढ्या वेळात बायका-पोरं ओढ्यापल्याड पोचली. मग त्याला गोळी लागली.

शिपाई दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला आले. जमादारानं रक्तानं भरलेली गोफण उचलून विचारलं, "ही कुणाची?"

शांतलिंगाप्पा पुढं झाले. "माझी हाय, साहेब. मला न्या."

प्रेताशेजारी बसलेल्या शिवगंगानं सासऱ्याकडं पाहिलं.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "ह्ये काल म्हणायचं व्हतं."

सुनेच्या तोंडाकडं बघायचं धाडस म्हाताऱ्याला पुन्हा कधीच झालं नाही.