कबुतरांना भिववणारी सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. गाण्यांची नव्हे, कॉम्प्युटर गेमची. घाटातून ट्रक चालवायचा तो गेम. आज माझ्या अंगावर ओरखडे आहेत आणि चंदेरी पापुद्रा पार उडाला आहे. पण माझ्यावर जे गुदरले, ते ऐकून तुम्हीही तोंडात बोट घालाल.

कारखान्यात वितळलेल्या प्लॅस्टिकमधून मी साच्यात पडले आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गोल होऊन बाहेर आले. दुकानाच्या काचेआडून मला एका बसड्रायव्हरने निवडले, लेकीच्या दहाव्या वाढदिवसासाठी. लेकीला घरात बनी म्हणत. पण खरे सांगू? ड्यूटीवरून आल्यावर बूट काढायच्या आत बाबाच मला ड्राइव्हमध्ये सरकवत.

"अहो, दिवसभर बस हाकून पोट नाही भरलं?" आई विचारायची.

"इथे सुट्ट्यांवरून कोणी भांडत नाही," बाबा म्हणायचे.

बनी मला बोटांनी फक्त कडांना धरायची, मऊ फडक्याने पुसायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग बनी नोकरीला लागली. नवा कॉम्प्युटर आला. मी चहूकडून पाहिला आणि हादरले. त्याला माझ्यासाठी फटच नव्हती!

"बाबा, आता सीडी कशाला?" बनी म्हणाली. "हाच गेम मी नेटवरून विकत घेतलाय. ओरखड्यांची भीती नाही, हरवायचा प्रश्न नाही."

आईने माझ्या मधल्या भोकातून सुतळी ओवली आणि मला गॅलरीत टांगले. कबुतरे घाबरावीत म्हणून! चार वर्षे मी उन्हापावसात गरगरत राहिले. पहिले काही महिने कबुतरे घाबरली. नंतर तीही शेजारी येऊन बसू लागली.

एके सकाळी बाबांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या आवडीचं काहीतरी हातात द्या. बोटं आपोआप हलायला बघतील."

बनीने लगेच कॉम्प्युटर उघडला. गेम नव्हता! तिने घाईघाईने त्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आमचं ऑनलाइन दुकान बंद झालंय."

"पण मी पैसे मोजून घेतला होता!"

"गेम नव्हता घेतलात मॅडम. खेळायची परवानगी घेतली होती."

बनीने फोन ठेवून दिला. गॅलरीत मी थिजले. जी वस्तू कधी हरवणार नव्हती, ती कोणाचा हातही न लागता नाहीशी झाली होती!

"अगं," आई एकदम म्हणाली, "ती कबुतरांची चकती त्याच गेमची ना?"

बनीने सुतळी दातांनीच तोडली. खालच्या दुरुस्तीवाल्या काकांनी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, मला उजेडात धरले आणि मान हलवली. "एकदा चालली तर चालली. पुढचं सांगता येत नाही."

मी फिरू लागले. मध्येच अडखळले, खरखरले. जीव खाऊन मी फिरत राहिले, आणि पडद्यावर ट्रक उभा राहिला! काकांनी त्याच बैठकीत माझी नक्कल उतरवून घेतली.

बनीने बाबांचे बोट ब्रेकच्या बटणावर ठेवले आणि ट्रक वळवायची बटणे स्वतःकडे घेतली. ट्रक निघाला, पण वळणावर तिचा अंदाज चुकला. समोर खोल दरी.

"ब्रेक!"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "कोण बोललं?"

बनीने बाबांकडे बोट दाखवले. बाबांचे बोट बटणावर दाबलेले होते आणि ट्रक कड्यावर थांबला होता.

त्या फिरण्याने माझा उरलेला पापुद्राही उडाला. आता मी कुठल्याच ड्राइव्हमध्ये चालणार नाही. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, नेटवरून गेम जरूर घ्या, पण हातात असलेले फेकू नका. आणि पैसे देण्याआधी एवढे विचारा: उद्या तुमचे दुकान बंद झाले, तर माझ्याकडे काय उरेल?