सिंहाचा पंचनामा

"मयत कोण?" हवालदार तुषारने विचारलं.

"सिंह," झुंबर म्हणाला.

तुषारचं पेन थांबलं. त्याच्या छापील कागदावर माणूस होता, जनावर होतं, भिंत आणि खांबही होता. सिमेंटचा सिंह यातल्या कशात बसतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सिंह मात्र वासोण्याच्या रस्त्यावरच्या भावेशच्या ढाब्यासमोर कुशीवर निवांत पडला होता. बाजूला अग्निशमन दलाचा लाल बंब उभा होता आणि त्याच्या मागच्या बंपरला सिंहाचा अर्धा जबडा लटकत होता.

"जनावर लिहा," ढाबेवाला भावेश म्हणाला. "पाळीव. रोज आंघोळ घालायचो मी तेला. पब्लिक लायन सफारीला जाय ने, ते पहिला फोटो याच्यासंगे काढे."

झालं होतं ते एवढंच. पुढच्या एका सूत कारखान्याच्या गोदामाला आग लागली म्हणून बंबाचा ड्रायव्हर झुंबर भोंगा वाजवत सिल्वासाहून निघाला. अर्ध्या वाटेत वायरलेसवर निरोप आला: कामगारांनीच विझवली, परत फिरा. त्याने भोंगा बंद केला आणि ढाब्याच्या अंगणात बंब मागे घेऊ लागला. दलात नवी लागलेली गुड्डी खाली उतरून हात दाखवत होती, "आने दो, काका, आने दो." काका आले. सिंहावर आले.

"तुला दिसला नाही?" तुषारने तिला विचारलं.

"दिसला ना. एकदम असली वाटत होता. मला वाटलं, हटेल."

हे लिहायचं की नाही, यावर तुषारने थोडा विचार केला आणि लिहिलं नाही.

"काका, बंब आगीकडे चालला होता, भोंगा चालू होता, बरोबर? म्हणजे ड्युटीवरचा अपघात. खात्याच्या नावावर जाईल, तुमच्या लायसनला धक्का नाही. कायदा काय म्हणतो ते साहेबांना माहीत. आमच्या ठाण्यात असंच लिहितात."

"परत फिरलो होतो," झुंबर म्हणाला. "भोंगा बंद होता."

"मी काय म्हणतोय ते नीट ऐका. भोंगा चालू होता. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"चालू हतो," भावेश घाईने म्हणाला. खात्याकडून नवा सिंह मिळेल, हे त्याच्या लगेच लक्षात आलं होतं. "मी ऐकला."

"मी पण," गुड्डी म्हणाली.

"तू तर मागं उभी होती," झुंबर म्हणाला.

"म्हणून तर जास्त ऐकू आला." मग तिने आवाज खाली आणला. "काका, पुढच्या महिन्यात तुम्ही रिटायर. किलवणीच्या शाळेची बस चालवायला मिळणार ना? त्यांनी काय सांगितलंय? बाकी सगळं चालेल, ड्रायव्हरच्या नावावर अपघात नको. बोला ना हो."

झुंबरने बंबावरच्या भोंग्याकडे पाहिलं. त्याला जुना जोडीदार भिका आठवत होता.

शिरपूरकडून दोघं बरोबरच आले होते. तेव्हाच्या बंबाला भोंगा नव्हता, पितळी घंटा होती. झुंबर गाडी हाकायचा आणि शेजारी बसून भिका दोरी ओढायचा. अशी ओढायचा, की नाक्यावरच्या म्हशीसुद्धा उठून बाजूला व्हायच्या, आणि म्हशी तर मामलेदारासाठीही उठत नसत. परतताना मात्र तो बाहेर वाकून घंटेचा लोळा मुठीत गच्च धरायचा. रस्ता खड्ड्यांचा, लोळा सोडला की घंटा आपली आपण वाजणार. काजळीने काळा पडलेला हात, पाऊस असो की ऊन, थेट स्टेशनापर्यंत तसाच. एकदा तर लोळा धरल्या धरल्या झोपला होता. मूठ सुटली नव्हती.

"काय रे भो, वाजू दे ना जराशी," झुंबर म्हणायचा. "कोणाचं काय जाऊन राहिलं?"

"लोकं उगाच बाजूला होतील ना," भिका म्हणायचा. "जाताना मागितली वाट, त्यांनी दिली. आता येताना कशाला मागायची?"

एवढं बोलून तो तंबाखू मागायचा. ती मात्र तो जाताना-येताना दोन्ही वेळेला मागायचा.

मग बंब बदलला. घंटा भंगारात गेली, भोंगा बटणावर आला. भिका छातीच्या दुखण्याने गेला, त्यालाही आता काळ लोटला.

"बंद होता," झुंबर म्हणाला. "बंदच लिहा."

"शाळेची बस जाईल, काका," गुड्डी म्हणाली.

"जाईल."

त्याने खिशातून लायसन काढलं. प्लास्टिकचं पाकीट जुनं होऊन पिवळं पडलं होतं, म्हणून ते शर्टाला पुसून त्याने तुषारच्या हातात दिलं. तुषारने नंबर उतरवला. अक्षर एरवीपेक्षा जरा बारीक आलं. झुंबरने सही केली, भावेशला हात जोडले आणि बंब रस्त्यावर घेतला.

थोडं पुढे पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर लागला. रस्त्याच्या मधोमध, माणसाच्या चालीने चाललेला. बंबाच्या मागे ट्रकांची रांग वाढली, हॉर्न सुरू झाले. गुड्डीचं बोट बटणाशी गेलं.

"काका, दाबू?"

"राहू दे. त्यालाबी घरीच जायचंय."

पेंढ्याच्या काड्या उडून काचेवर पडत होत्या. झुंबरने वायपर एकदा फिरवला, गियर खाली घेतला आणि ट्रॅक्टरच्या मागोमाग, ट्रॅक्टरच्याच चालीने, सिल्वासाकडे जात राहिला.