चांगलं स्वप्न

"काय पाहिलंस? आठवतंय तेवढंच सांग, जुळवायला जाऊ नकोस."

डोळे उघडायच्या आत आमच्या ह्यांचा प्रश्न! उशाशी टाक, दौत आणि कोरे कागद. लढाईनं कागद मिळेनासा झाला, तरी ह्यांचे कागद काही संपत नाहीत.

"काही नाही. गाढ झोप लागली होती," म्हणत मी चुलीकडे गेले. थाप होती. पहाटे लीना दिसली होती.

संगमनेरात ह्यांना मनाचे डॉक्टर म्हणतात. मास्तरकी सोडून ह्यांनी अंतर्मनावर पुस्तकं लिहिली. आता पुण्याहून माणसं आपली स्वप्नं घेऊन येतात. लोकांना केवढं कौतुक! घरात मात्र दूध उतू गेलं तरी अर्थ, आमटीत मीठ विसरलं तरी अर्थ. बाईमाणसानं साधं विसरूसुद्धा नये?

गेल्या साली विषमज्वरानं आमची लेक लीना गेली. तापात तिचे सगळे केस गेले होते. त्यानंतर एकदाच ह्यांना स्वप्न सांगितलं, की ती दाराबाहेर उभी आहे आणि मला कडी सापडत नाही. ह्यांनी ते मासिकात छापलं. आईलाही आतून मुलाच्या ओझ्यातून सुटका हवी असते म्हणे! नाव नव्हतं, पण प्रवरेच्या घाटावर कुणाला कळायचं राहिलं? जळो ते अंतर्मन! तेव्हापासून मी झोपतेसुद्धा जीव मुठीत धरून.

तेवढ्यात राहीबाई दूध घेऊन आली. हे तिलाही सोडेनात.

"राहीबाई, रात्री काय पाहिलंस?"

"वंगाळ सपान हुतं, मास्तर. नदीला सांगून आले."

"आणि चांगलं पडलं तर?"

"चांगलं कुनालाच सांगू न्हाई. सांगितलं की गेलं! एवढी बुकं लिवली तुमी, आन् एवढं ठावं न्हाई व्हय?"

मला हसू फुटलं. हे हसले नाहीत. ती गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले.

"लीना दिसली ना तुला?"

"कशावरून?"

"झोपेत हसलीस." हे पाटावरून पुढे सरकले. "साऱ्या जगाची स्वप्नं ऐकतो मी. माझ्या स्वप्नात ती एकदाही आली नाही गं. सांग ना. शपथ, लिहिणार नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. बापच तो!

"अंगणात तुळशीपाशी..." मी सुरुवात केली मात्र, ह्यांची बोटं मांडीवर चालू लागली, टाक धरल्यासारखी. मी थांबले. ह्यांनीही खाली पाहिलं आणि डाव्या हातानं उजवा हात दाबून धरला. तरी बोटं थांबेनात.

"नको सांगूस," हे म्हणाले. "जाईल ती."

चुलीवरचं दूध मी उतरवून ठेवलं.

"बरी होती ना? तेवढंच सांग."

"बरी होती," मी म्हटलं. "केस आलेत पुन्हा."

ह्यांनी मान हलवली आणि हात तसाच धरून बसून राहिले.