काचेला लावलेला कागद

विषाणूंच्या त्या खोलीत गेलेला कागद बाहेर येत नसे. आकडे आत लिहायचे, कागद काचेला लावायचा आणि बाहेरच्याने ते पाहून नोंदवहीत उतरवायचे. मग आतलं सगळं वाफेच्या भट्टीत. दारसुद्धा बाहेरून काकांनी बटण दाबलं तरच उघडे. काका म्हणजे प्रयोगशाळेचे जुने तंत्रज्ञ. जगातून जातो तसं इथून निघायचं, रिकाम्या हातानं, असं ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत.

आज आत असलेल्या विद्यार्थिनीची पीएचडी एका औषधावर होती. चार वर्षं एकच उत्तर येत होतं: विषाणू पेशी मारतो, रंगवलेल्या पेशींच्या जांभळ्या थरात भोकं पडतात; औषध घातलं की थर अखंड. सोमवारी प्रबंध द्यायचा होता. रुग्णांवर चाचणीची परवानगीही याच आकड्यांवर मागायची होती. औषध ज्या द्रावकात विरघळवत, तो नुसता घालून पाहायचं मात्र राहिलं होतं. तुलनेला पाणी वापरत, कारण सीनियरकडून ज्युनियरकडे येणाऱ्या कृतीच्या वहीत तसंच लिहिलं होतं. त्या वहीचं पहिलं पान सरांच्या, म्हणजे तिच्या गाईडच्या अक्षरातलं होतं. परीक्षक विचारतील म्हणून या वेळी तिने आपणहून प्लेटमध्ये नुसत्या द्रावकाची एक ओळ लावली.

तीही अखंड निघाली. तिने भोकं तीनदा मोजली: शून्य. विषाणूला अडवत होता तो द्रावक. औषध आयत्या बिळावर बसलं होतं.

मास्कमध्ये श्वास तापला. काचेपलीकडे सर पेन उघडून उभे होते. तिने स्पीकरवरून सांगितलं. ते समजावू लागले. थकलेला माणूस चुकतो, आणि प्लेट भट्टीत गेल्यावर ही ओळ होती हे कुणाला कळणार?

"वरच्या दोनच ओळी दाखव, बाळा. झाकली मूठ राहू दे."

"मग बाहेर येऊन मी सही कशावर करू, सर?"

"आधी बाहेर तर ये."

इकडे आड, तिकडे विहीर. कागदाला एक घडी पुरली असती.

तिने तो सपाट केला आणि दोन्ही तळव्यांनी काचेला लावला. सरांनी खालपर्यंत वाचला, पेनला टोपण घातलं, नोंदवही मिटून छातीशी धरली.

तिच्या दंडांत कळा येऊ लागल्या. बटणाजवळच्या काकांनी खिशातून चष्मा काढला आणि सरांपुढे हात केला.

"वही द्या, सर. पोरीचे हात भरून आलेत."

सरांनी वही दिली नाही. काकांनी हात मागे घेतला नाही. तिने कागद हलू दिला नाही.