डाव्या हाताची नाडी

थोरलीचं नाक दोनदा मोडलं होतं. एकदा डिंगीच्या, म्हणजे शर्यतीच्या छोट्या बोटीच्या, शिडाच्या आडव्या दांड्याने, आणि एकदा अपघात विभागात टाके घालताना एका दारुड्याने हाणलेल्या ठोशाने. दोन्ही वेळा तिने आरशासमोर उभं राहून स्वतःच नाक सरळ केलं आणि कामाला लागली. क्लबातले लोक म्हणत, डॉक्टरीणबाई जपून, तिसऱ्यांदा जागा उरणार नाही. हॉस्पिटलातले म्हणत, ही बाई इथे विश्रांतीला येते, मारामारी करायला पाण्यात जाते.

त्यात खोटं काही नव्हतं. शिडाच्या बोटींची शर्यत काठावरून फार देखणी दिसते. पांढरी शिडं, निळं पाणी, वा वा. आत बसलेल्याला विचारा. दोर तळव्याची सालटी काढतात, वर खारं पाणी झोंबतं, नडग्या बाराही महिने काळ्यानिळ्या. वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या बोयापाशी सगळ्या बोटी एकमेकींच्या उरावर येतात, तेव्हा फळीवर फळी आपटते आणि तोंडात येईल ती शिवी हासडली जाते. वॉर्डात रुग्णांना अहो-जाहो करणारी थोरली सुकाणूवर बसली की दुसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

सुकाणू तिच्या हातात, आणि पुढे धाकटी बहीण. धाकटीचं काम अंगाचं. डोलकाठीवरून आलेल्या तारेत कंबरेचा पट्टा अडकवायचा, पाय बोटीच्या कडेवर रोवायचे आणि अख्खं शरीर पाण्यावर बाहेर झोकून द्यायचं, म्हणजे वाऱ्याने बोट उलटत नाही. ती लहान असताना थोरलीनेच तिला पहिल्यांदा बोटीत घातलं होतं, तेव्हापासून ताईने सांगितलं म्हणजे संपलं, असा तिचा खाक्या. ताई म्हणाली लटक, की ही लटकली.

मागच्या हंगामात एका लाटेने धाकटीला उचलून डोलकाठीवर आपटलं आणि तिचा उजवा खांदा निखळला. थोरलीने सुकाणू गुडघ्यांत धरलं, धाकटीच्या काखेत टाच रोवली आणि मनगट धरून ओढलं. खट् झालं, खांदा जागेवर बसला, धाकटीने एकदा ओकून घेतलं आणि परत तारेवर गेली. त्या शर्यतीत त्या दुसऱ्या आल्या. संध्याकाळी क्लबात हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला गेला आणि थोरली हसत ऐकत राहिली. इथेच चुकलं. दुसरं कुणी असतं तर किनाऱ्यावर आलं असतं, एक्स-रे काढला असता, खांद्याला विश्रांती दिली असती. पण बोटीतच डॉक्टर असल्यावर किनाऱ्यावर येतंय कोण?

मग ती सवयच झाली. खांदा निखळायचा, थोरली ओढायची, शर्यत पुढे चालू. एकदा सांधा सैल झाला की ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं, हे ती रोज दुसऱ्यांना सांगत होती. ऑपरेशन म्हणजे हंगाम गेला, आणि या हंगामाच्या शेवटी देशाच्या संघासाठी एकच बोट निवडली जाणार होती. आईने एकदा भीत भीत विचारलं, पोरीच्या हाताचं काय करणार आहेस? थोरली म्हणाली, डॉक्टर मी आहे की तू? त्या घरात या वाक्यापुढे कुणाचंच काही चालत नसे.

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी वारा पिसाळलेला होता. समुद्राने सुरुवातीलाच तीन बोटी उलट्या करून टाकल्या. हिशेब सोपा होता: पिवळ्या बोटीच्या पुढे राहिलं की निवड पक्की. पिवळीवर दोन भाऊ होते, दोघेही दांडगट. पहिल्याच वळणावर त्यांनी नियम धाब्यावर बसवून आपल्या बोटीचं टोक बहिणींच्या बोटीच्या कुशीत घुसवलं. फळी तडकली. थोरलीने सुटा दोर उचलून सुकाणूवरच्या भावाच्या तोंडावर सपकन मारला. त्याचा ओठ फाटला, आणि तो दोर सावरेपर्यंत बहिणी पुढे निसटल्या.

शेवटचं वळण राहिलं असताना मोठी लाट आली. धाकटीचे पाय कडेवरून सुटले, ती तारेला लोंबकळत पुढे फेकली गेली आणि डोलकाठीच्या दोरांत उजव्या हाताने अडकून उलटी पिळली गेली. तिची किंकाळी वाऱ्यातही ऐकू आली. थोरलीने केस धरून, पट्टा धरून तिला आत ओढलं.

“ताई, ओढ,” धाकटी म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. “लवकर ओढ, ते येतायत.”

थोरलीने टाच रोवली आणि ओढलं. या वेळी खट् झालं नाही. काहीतरी ओलं चिरडल्यासारखं टाचेला जाणवलं, आणि मग खांदा बसला. सवयीने तिने मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागली नाही.

आता गार पाण्यात भिजलेल्या हाताची नाडी कधीकधी लागत नाही, हे खरं. अशा वेळी काय करायचं हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं: दुसऱ्या हाताची बघायची. तीही लागत नसेल तर गारठा, लागत असेल तर ह्या हाताची धमनी गेली. धाकटीचा डावा हात तिच्या समोर होता, वीतभर अंतरावर. थोरलीने मागे वळून पिवळ्या बोटीकडे पाहिलं. मग शिडाचा दोर ताणला.

“जमेल ना गं?” तिने विचारलं.

धाकटीने मान हलवली आणि एका हाताने तारेवर गेली. थोरली तो अख्खा टप्पा बोट अशी काही हाकत होती, की काठावरचे अजून तिचं नाव काढतात. बोट लाटेवरून लाटेवर आदळत होती, आणि प्रत्येक आदळण्याबरोबर धाकटीचा उजवा हात फडक्यासारखा हलत होता. पिवळी मागे पडली. वळणाचा बोया मागे गेला. पुढे एकच टप्पा, आणि तिथे शर्यत संपल्याची तोफ उडवणारी बोट उभी. वळताना धाकटी आत आली, तेव्हा तिच्या जॅकेटखाली काख नारळाएवढी फुगलेली थोरलीला दिसली. तेव्हा कुठे तिने डावा हात पकडला. तिथली नाडी हातोड्यासारखी ठोके देत होती.

तिने शिडाचे सगळे दोर सोडून दिले. शिड फडफडायला लागलं, बोट जागच्या जागी डुलायला लागली, आणि तिने बचाव बोटीसाठी हात वर केला.

धाकटीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पिसाळली. तिने डाव्या हाताने सुकाणूची काठी उपसली आणि थोरलीच्या तोंडावर घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नाक मोडलं. “दोर ओढ,” ती ओरडत होती, “माझा हात आहे, तुझा नाही, दोर ओढ.” थोरलीने तिला खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि दोन्ही अंगठे तिच्या गळपट्टीच्या हाडामागे खोल खुपसून सगळं वजन दिलं. हाताकडे जाणारं रक्त तिथे दाबता येतं, दुसरीकडे कुठे नाही. धाकटीने तिच्या मनगटाचा लचका तोडला. बाजूने पिवळी बोट निघून गेली, आणि फाटक्या ओठाचा तो भाऊ हसलासुद्धा.

बचाव बोटीवरचे काका जवळ आले तेव्हा त्यांना काय दिसलं? रक्ताने माखलेली बाई सख्ख्या बहिणीचा गळा दाबतेय. त्यांनी मागून तिची मान आवळली. थोरलीने लाथ घातली, काका पाण्यात पडता पडता वाचले. “रक्त थांबवतेय,” ती म्हणाली, “बोट हाका.” त्यानंतर किनारा येईपर्यंत तिने अंगठे हलवले नाहीत. धाकटी वाटेतच बेशुद्ध झाली होती.

ऑपरेशन थोरलीच्याच सरांनी केलं. तिला आत येऊ दिलं नाही. बाहेर येऊन ते म्हणाले, धमनी शिवली, हात वाचला; पण साचलेल्या रक्ताने नसा चेंगरल्यात, त्यांचं आताच काही सांगता येणार नाही. थोडं आधी आली असतीस तर, असं काहीतरी ते म्हणायला गेले आणि तिच्या नाकाकडे बघून थांबले. पहिल्यांदाच तिचं नाक दुसऱ्या कुणी सरळ केलं.

धाकटी बोलेना. आई डबा घेऊन यायची, धाकटीला भरवायची आणि थोरलीकडे न बघता निघून जायची. थोरली रोज ड्यूटी संपली की खाटेपाशी बसायची. हाताचा पट्टा काढला त्या दिवशी धाकटीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

“माझ्या हाताचं तुला कधी कळलं?”

थोरलीला सांगता आलं असतं, की काख दिसली तेव्हा. ते कुणालाच खोटं पाडता आलं नसतं. तिला खूप भीती वाटली, समुद्रात कधी वाटली नव्हती एवढी.

“तुझा डावा हात बघितला नाही, तेव्हाच,” ती म्हणाली.

धाकटी डॉक्टर नव्हती, पण त्या खाटेवर पडून डॉक्टर तिच्या दोन्ही हातांची नाडी कशी ताडून बघतात हे ती रोज बघत होती. तिला समजलं. तिने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग तिने थोरलीला जवळ बोलावलं. थोरली वाकली. काय होणार हे तिला दिसत होतं, तरी तिने तोंड बाजूला केलं नाही.

धाकटीने उजवा हात उगारला. खांदा हलला, कोपर वाकलं, हात वर आला. मनगट मात्र खालीच लोंबत राहिलं, आणि बोटांची उलटी बाजू थोरलीच्या गालाला नुसती लागून खाली पडली. डॉक्टरने पाहायचं ते पाहिलं: कोपर आहे, मनगट नाही, मूठ वळत नाही. धाकटीचे डोळे भरून आले.

“लागलं का?” तिने विचारलं.

“नाही,” थोरली म्हणाली. तिने खुर्ची खाटेला आणखी चिकटवली आणि चेहरा पुढे केला. “परत मार.”

धाकटीने परत मारलं.