शिडीच्या जागी आलेला गाडा

मी एक गाडा बोलतोय. खिडक्या धुण्याचा, घरी बनवलेला. बोलतोय खरा, पण जे सांगणार आहे ते अगदी तसंच घडलं का, याची मला खात्री नाही. माझी पहिली नळी निळी होती की हिरवी, हेसुद्धा आता छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्या हातांनी मला घडवलं त्यांचाच हा वारसा. शंका काढल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे. साखर घातली की नाही, म्हणून दोनदा ढवळायचे आणि मग कपाकडे बघत बसायचे.

ते रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जन्मभर काचेच्या नळ्या हाताळल्या, पण पान्याशी कधी गाठ पडली नव्हती. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती, पुस्तकांची खोकी होती. ती खोकी भिंतीकडे सरकवून जी जागा झाली, तिथे माझा जन्म झाला.

माझं अंग चार घरचं. पाठीचा कणा म्हणजे गोण्या वाहायची दोन चाकांची ढकलगाडी, कुठल्याशा दुकानानं टाकून दिलेली. पोट म्हणजे प्लास्टिकचं पिंप. पंप फवारणीच्या यंत्रातला, बॅटरी जुन्या स्कूटरची. आणि नळी गुंडाळायला एका छोट्या सायकलचं चाक. ती सायकल प्राध्यापकांच्या मुलीची, लहानपणची.

तिच्यासाठीच तर हा खटाटोप होता. तिचा नवरा खिडक्या धुण्याचं काम करायचा. लग्न तिनं वडिलांना न विचारता केलेलं. प्राध्यापकांनी विरोध केला नाही, पण ओळखीच्यांना सांगताना "जावई इमारतींच्या देखभालीत आहेत" असं म्हणायचे. जावयांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते पोट धरून हसले म्हणे. आपल्या सासऱ्यांना ते 'सर' म्हणत. 'बाबा' म्हणा, असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

एका दुपारी मुलगी एकटीच आली. आदल्या दिवशी शिडी सरकली होती आणि तिचा नवरा छज्ज्याला एका हातानं लोंबकळत राहिला होता, खालून कुणीतरी शिडी परत लावेपर्यंत. ती गॅरेजच्या दारातच उभी राहिली.

"बाबा, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. आता एक मागते. ह्यांना शिडीवरून खाली आणा."

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक वाचनालयात गेले आणि तिसऱ्या दिवशी माझी जुळणी सुरू झाली.

माझ्यामागची कल्पना सोपी आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात. पाणी वाळून जातं, क्षार काचेवर बसतात. पांढरे डाग म्हणतात ते हेच. क्षार गाळून टाकले तर धुतलेली काच पुसावीच लागत नाही, आपोआप लख्ख वाळते. मग फडकं घेऊन वर चढायचं कशाला? माणूस जमिनीवर उभा राहतो. हातात एकात एक सरकणारा लांब दांडा, टोकाला ब्रश, ब्रशातून वाहणारं पाणी. ते पाणी गाळून वर चढवायचं काम माझं.

कल्पना सोपी, पण प्राध्यापकांचे हात पडले पुस्तकी. पहिल्यांदा पंप त्यांनी उलटा बसवला आणि सगळं पाणी त्यांच्याच विजारीवर आलं. जावई दारात उभे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "सर, खिडकी वर असते." प्राध्यापक आधी ओशाळले, मग हसायला लागले. त्या दोघांना एकत्र हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. पुढे जावई रोज संध्याकाळी येऊ लागले. फुटपाथवर चढवताना मी कलंडेन म्हणून पिंप खाली घ्यायला त्यांनीच लावलं. प्राध्यापक प्रत्येक नट आवळायचे, जेवायला बसायचे आणि अर्ध्या जेवणातून उठून तोच नट पुन्हा बघायला यायचे.

कामावर मी गेलो तेव्हा बाकीच्या खिडकीवाल्यांनी टिंगल केली. "काय, सासऱ्यानं आंदणात गाडा दिला वाटतं?" जावई म्हणाले, "हो ना. सासरेही बसून यायला निघाले होते, मीच म्हटलं नको." पण ते मान वर करून दांडा फिरवू लागले, काच पुसल्याशिवाय चकचकीत वाळली, आणि टिंगल करणारे जवळ येऊन माझ्या नळ्या बघू लागले.

ते दिवस बरे होते. घरी मुलीनं शिडी मागच्या अंगणात दोन खांबांवर आडवी टाकली आणि तिच्यावर कपडे वाळत घालू लागली. आमच्याकडे शिडीचा एवढाच उपयोग उरलाय, असं ती शेजारणीला सांगायची.

खालून माणसं फार वेगळी दिसतात. ब्रश काचेवर आला की आतलं भांडण थांबतं, नाकातलं बोट बाहेर येतं, झोपलेला कारकून फायली चाळू लागतो. सगळे ब्रशाकडे बघतात. दांडा धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. काच स्वच्छ असली की ती कुणी धुतली हे कुणाच्या मनातही येत नाही. डाग दिसला की मात्र पहिल्यांदा माणूस आठवतो.

त्या उन्हाळ्यात आम्हाला एका मोठ्या कार्यालयाचं काम होतं. दोन मजले, सगळीकडे काच. शिडी होती तेव्हापासून जावई तिथे जात होते. मला घेऊन गेले, काचा धुतल्या, व्यवस्थापक स्वतः बाहेर येऊन छान म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला. काचांवर पांढरे ठिपके आहेत, येऊन बघा. आम्ही गेलो, पुन्हा धुतल्या. पुन्हा ठिपके.

जावयांनी सांगून पाहिलं की पाणी शुद्ध आहे. व्यवस्थापकांना ते पटेना. तेव्हा जावई म्हणाले, ज्यांनी गाडा बनवला त्यांनाच आणतो. किती विश्वासानं म्हणाले ते! दुपारी प्राध्यापक आले, कोट घालून. खिशातून त्यांनी क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र काढलं आणि सगळ्यांसमोर माझ्या पोटात बुडवलं. शून्य. झटकलं, पुसलं, परत बुडवलं. शून्य.

जावयांनी व्यवस्थापकांकडे बघितलं. "बघा. आता सर सांगतीलच."

प्राध्यापक यंत्राकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो उन्हाचा नव्हता, एवढं मला कळत होतं.

"आकडा शून्यच आहे," ते म्हणाले. "पण यंत्रावर किती विसंबायचं? डाग तर समोर दिसतायत. माझंच काहीतरी चुकलं असणार."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं नसतं. अडाणी माणूस आकडा दाखवून मोकळा झाला असता, लबाड माणूस आकडा नसतानाही भांडला असता. हातात पुरावा धरून स्वतःला दोषी ठरवायला चाळीसेक वर्षांची विद्वत्ता लागते. व्यवस्थापक सौम्य माणूस होते, त्यांनी आवाजही चढवला नाही. पूर्वी फडक्यानं पुसायचात तेव्हा काच अशी कधी नव्हती, एवढंच म्हणाले. पुढच्या वेळी तसंच करा.

परत येताना जावई मला ढकलत होते, प्राध्यापक बाजूनं चालत होते. जावई म्हणाले, "सर, तुम्ही नुसते गप्प राहिला असतात तरी चाललं असतं."

घरी आल्यावर जावयांनी शिडीवरचे कपडे काढून घडी घालून ठेवले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. 'नका जाऊ' असं ती म्हणाली का, ते मला ऐकू आलं नाही. म्हणाली असावी.

पुढचं मी पाहिलेलं नाही; मला गॅरेजमध्ये ठेवलं होतं. त्याच कार्यालयात शिडी दुसऱ्या मजल्यावरून सरकली एवढं कळलं. तिथला माळी धावत आला, त्यानंच त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. जावई वाचले. पण टाच आणि कंबर अशी मोडली की पुढे शिडी तर सोडाच, माझा दांडाही त्यांना पेलवेना. मुलगी एका छापखान्यात कामाला जाऊ लागली. वडिलांना तिनं एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

प्राध्यापकांनी माझी गाळणी उघडली. आतले क्षार शोषून घेणारे पिवळे मणी वर्तमानपत्रावर पसरले आणि भिंग घेऊन दोष शोधत बसले. दिवसचे दिवस. दोष सापडला नाही, म्हणून त्यांनी चष्मा बदलून घेतला. पुढे ते आजारी पडले. त्यांची खोली गॅरेजला लागूनच होती, त्यामुळे शेवटचं बोलणं माझ्या कानावर आलं.

"माझंच पाणी वाईट होतं, बाळ."

"जाऊ दे बाबा," ती म्हणाली.

'नाही' असं ती म्हणाली नाही. का म्हणावं तिनं? तिलाही तेच वाटत होतं. ते तसेच गेले.

नंतर मुलगी आणि जावई त्याच घरात राहायला आले, मी कोपऱ्यात पडून राहिलो. बॅटरी फुगली, नळी तडकली, पिंपात कुणीतरी जुने पडदे कोंबले. अशात एकदा तो माळी जावयांची विचारपूस करायला आला. मधूनमधून यायचा तो. हे गाडं पडूनच असेल तर बागेला पाणी वाहायला नेऊ का, असं त्यानं विचारलं. मुलगी म्हणाली, "न्या. डोळ्यांसमोरून जाईल." तिचा मला राग नाही. थोडा आहे.

अशा रीतीनं मी त्याच कार्यालयाच्या कुंपणाशी येऊन उभा राहिलो. आता माझ्या पोटात बोअरचं पाणी असतं, गाळणी नाही. वर्षभरात आतून पांढरा थर चढला. गुडघे, म्हणजे चाकं, कुरकुरतात. माझं काही मागणं नाही. फक्त त्या मुलीशी कधी तुमची गाठ पडली, तर मी आता सांगतो ते तिला सांगा. तिच्या नवऱ्यालाही सांगा. तिसरा ऐकायला उरलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिथे नवा खिडकीवाला आला. खालच्या काचांवरचे ठिपके बघून त्यानं माळ्याला विचारलं, हे काय? माळी म्हणाला, "फवाऱ्याचं पाणी हो, दुसरं काय! पहाटे हिरवळीला फवारे सोडतो, वाऱ्यानं काचेवर जातं. ही हिरवळ घातली त्या उन्हाळ्यापासून असंच आहे." तो आमचाच उन्हाळा. त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. खिडकीवाला म्हणाला, मग त्याचं तोंड फिरवा की पलीकडे. माळ्यानं पायाच्या अंगठ्यानं फवारा जरासा वळवला. तेव्हापासून त्या काचांवर एकही ठिपका पडलेला नाही.