हत्तु

देवनहळ्ळीला बस सोडली, पुढे बैलगाडी केली, आणि गाडीवाटही संपली तेव्हा समोर तो बोडका डोंगर उभा होता. वर पाणी नाही, सावली नाही. नुसता तापलेला खडक, निवडुंग आणि वारा. बंगळूरहून एवढ्या लांब हे पाहायला सहसा कुणी येत नसे. पण निवृत्त शिक्षक नरसिंहरावांना पुस्तकातल्या डोंगरावर समाधान नव्हतं.

१९५८च्या नाताळच्या सुट्टीत त्यांची नात क्षमा नाशिकहून आली होती. तिचा चुलतभाऊ विश्वेश्वर बंगळूरचाच. नरसिंहरावांना दोघंही अज्जा म्हणत. पायथ्याशी अज्जांनी एकच नियम सांगितला, “एकजण परत फिरला की सगळे फिरणार.”

“मग झालंच,” विश्वेश्वर म्हणाला. “ही अर्ध्यात बसणार. हिला ना कन्नड येतं, ना चढता येतं.”

“येतं मला! ओंदु, एरडु, मूरु...” क्षमानं धडाधड हत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, म्हणून दाखवलं. काही झालं तरी आपल्यामुळे परत फिरायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

वाटेत विश्वेश्वरच्या चपलेचा अंगठा तुटला. अज्जा तो सुतळीनं बांधत बसले, तेवढ्यात क्षमा पुढच्या वळणावर पोचली. तिथे एक म्हातारी शेळ्या राखत होती. क्षमानं शिखराकडे बोट दाखवून ‘अजून किती?’ अशी खूण केली. म्हातारी हसली, हात वर करून म्हणाली, “हत्तु, मगळे, हत्तु!”

दहाच वळणं! क्षमा मोजत निघाली. मागून दोघं आले. पण दहावं वळण संपलं, तरी शिखर होतं तिथेच. ती मटकन खाली बसली.

“खोटारडी बाई! दहा म्हणाली. मी नाही येत आता.”

“बघा अज्जा!” विश्वेश्वरनं लगेच उताराकडे तोंड फिरवलं. त्यालाही धाप लागलीच होती.

अज्जा फिरले नाहीत. त्यांनी फिरकीच्या तांब्यातून क्षमाला घोटभर पाणी दिलं. “ती काय म्हणाली, नीट सांग.”

“हत्तु. हात वर करून.”

अज्जा हसू लागले. “अगं, कन्नडात दहा म्हणजे हत्तु आणि चढ म्हणजेही हत्तुच. ती म्हणाली, चढ पोरी, चढ!”

“मग राहिलं किती?”

“ते तिनं कुठं सांगितलं? आणि मीही सांगणार नाही.”

म्हातारी खोटं बोलली नव्हती. आणि दहा वळणं तर आपण चढून आलो होतो, तीही न थांबता. क्षमानं उठून परकर झटकला.

“मी परत दहा मोजते,” ती म्हणाली. “नाही पुरले तर आणखी दहा.”

किती वेळा दहा झाले, ते पुढे तिलाही आठवेना. शिखरावर वारा अंगावर धावून आला. खाली तांबूस माळ, कोरडी तळी आणि रेघेएवढा देवनहळ्ळीचा किल्ला दिसत होता. अज्जा चित्रान्नाची, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताची, पुडी सोडू लागले. विश्वेश्वर मात्र थोडा खालीच, एका धोंड्यावर बसला होता.

“स्वल्प थांब गं!” तो ओरडला.

क्षमानं तोंडाशी हात धरले. “हत्तु!”

“दहा की वीस?” तो कुरकुरत उठला.

“मोजत ये!”